सोलापुरात वसंतातलं पक्षीनिरीक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवरात्र झाली की मेसेज सुरू होतात, हिप्परग्याच्या तलावावर आता काय आहे, माळढोक दिसेल का, हा फोटो कशाचा. तेच तेच प्रश्न दरवर्षी येतात म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवली. साध्या प्रश्नांपासून सुरुवात केलीय, अवघड पुढे आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या प्रश्नात आली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. वसंतातलं स्थलांतर म्हणजे सोलापुरात पक्षी येतात का जातात?

बहुतेक जातात. हे आधी पक्कं करून घ्या, कारण नेटवर वाचायला मिळतं ते जास्त करून युरोप-अमेरिकेचं असतं, तिकडे वसंतात पक्षी येतात, गातात, घरटी करतात. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरपासून तळ्यांवर आणि माळावर मुक्कामाला असलेले पाहुणे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात परत निघतात, कोणी तिबेट-मंगोलियाकडे, कोणी सैबेरियाला, कोणी कझाकस्तान आणि त्याच्याही पलीकडे. या सगळ्या वाटेला सेंट्रल एशियन फ्लायवे म्हणतात आणि ती ३० देशांवरून जाते. दिवस मोठा व्हायला लागला की पक्ष्यांच्या शरीरात बदल सुरू होतात, भूक वाढते, अंगावर चरबी चढते, पुढच्या प्रवासाचं इंधन तेच.

मला विचाराल तर पक्षी येण्याच्या दिवसांपेक्षा हे जाण्याचे दिवस जास्त बघण्यासारखे आहेत. थवे मोठे होतात, पिसं नवी कोरी असतात, हालचाल सारखी चालू असते. तरी आपल्याकडे सगळा उत्साह नोव्हेंबरमध्ये. ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला सलीम अलींचा. चितमपल्ली तर आपल्या सोलापूरचेच, १९३२ चा जन्म. सप्ताह व्हायलाच पाहिजे, पण तेव्हा ज्यांचं स्वागत केलं ते मार्चमध्ये निघून जातात तेव्हा तळ्यावर बघायला कोणी नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

२. नेमकं कोणत्या महिन्यात जायचं, मार्च का एप्रिल?

शिवरात्रीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, असं ढोबळ धरा. पण सगळे एकदम जात नाहीत. पट्टकादंब म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस लवकर निघतात, ते बघायचे तर फेब्रुवारी सोडू नका. तलवार बदकं आणि चक्रवाक मार्चमध्ये कमी होत जातात. थापट्या आणि भुवई बदकं एप्रिलमध्येही थोडीफार असतात. भोरड्या, पिवळे धोबी, भारीट हे एप्रिल अर्धा होईपर्यंत चांगले दिसतात. एकच रविवार मोकळा असेल तर मार्चचा दुसरा-तिसरा आठवडा निवडा, तेव्हा जाणारे अजून असतात आणि रंगात आलेले असतात (रंगाचं ८ मध्ये).

३. माझ्याकडे गाडी नाही, सुरुवात कुठून करू?

शहरातूनच. विजापूर रोडचा संभाजी तलाव, त्यालाच जुनी माणसं कंबर तलाव म्हणतात, आणि शेजारचं स्मृती उद्यान. पाण्यावर वारकरी (हा पाणपक्षी, ७ बघा), पाणकावळे, बगळे आणि काठच्या झाडीत छोटे पक्षी, एका फेरीत दोन्ही होतं. जलपर्णी वाढलेली असेल तेव्हा बदकं कमी दिसतात पण जांभळ्या पाणकोंबड्या दिसतात. सिद्धेश्वर तलावावर मंदिरात जाता-येता दहा मिनिटं थांबलात तरी काहीतरी मिळतं.

मग पुढची पायरी हिप्परगा, म्हणजे एकरुख तलाव, तुळजापूर रोडला. एसटी, रिक्षा काहीही चालेल. होटगी तलावही चांगला. कुरनूर धरण अक्कलकोट तालुक्यात आहे, तिथे मात्र गाडी लागते. एकटीने गेलं तर चालेल का असंही बऱ्याच जणी विचारतात, तर स्मृती उद्यानाकडे सकाळी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते, तिथे काही अडचण नाही, हिप्परग्याच्या लांबच्या काठाला मात्र कोणीही असो, दोघं-तिघं मिळून जा.

४. दुर्बीण घ्यावीच लागते का? कोणती?

पहिले काही आठवडे नको. ओळखीच्यांकडून मागून बघा, आवड टिकली तर ८×४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढच्या काचा ४२ मिलिमीटरच्या. १०×४२ मध्ये पक्षी मोठा दिसतो पण हात हलतो आणि नवीन माणसाला पक्षी सापडतच नाही. मोठ्या आकड्यांच्या स्वस्त दुर्बिणी जत्रेत मिळतात त्या घेऊ नका.

५. सकाळी किती वाजता पोचायचं? संध्याकाळी नाही का चालत?

सूर्योदयाला काठावर असायला पाहिजे, मार्चमध्ये साधारण साडेसहा-पावणेसात, एप्रिल संपता संपता सहाच्या आसपास. सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको, नऊ वाजले की पाण्यावरून झळा दिसायला लागतात आणि दुर्बिणीतून सगळं थरथरतं, मग बदक आणि दगड सारखेच. संध्याकाळ चालते की, उलट भोरड्या आणि भोवत्यांसाठी संध्याकाळच पाहिजे (६ आणि १० बघा). टोपी, दोन बाटल्या पाणी, आणि कडक भाकरी-शेंगाचटणी बरोबर असली की भूक लागली म्हणून अर्ध्यातून परत यावं लागत नाही.

६. ज्वारीच्या रानावर काळ्या-गुलाबी पक्ष्यांचा ढगच्या ढग येतो ते काय? ते पिकाचं नुकसान करतात ना?

त्या भोरड्या. डोकं, पंख, शेपूट काळं आणि पाठ-पोट गुलाबी. पळसमैनाही म्हणतात, कारण पळस-पांगारा फुलला की त्यावर मध प्यायला हमखास. या पक्ष्याचा हिशोब जरा वेगळा आहे, हा जुलै-ऑगस्टमध्येच येऊन दाखल होतो आणि एप्रिल सरता सरता जातो, म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने आपल्याकडे आणि मध्य आशियात कझाकस्तानसारख्या भागात फक्त पिल्लं काढण्यापुरता. तिकडे टोळ आणि नाकतोडे भरपूर निघतात तेवढ्या काळात त्यांचं सगळं उरकतं.

नुकसानीचं म्हणाल तर हो, ज्वारी दाण्यात आली की खातात, शेतकरी माळ्यावर उभं राहून गोफण फिरवतो ती उगाच नाही, त्याचं म्हणणं खरं आहे आणि पक्षीप्रेमींनी ते ऐकून घ्यायला पाहिजे. पण त्याच भोरड्या नाकतोडे आणि अळ्याही प्रचंड खातात. मार्चमध्ये ज्वारीची काढणी झाली की त्या मोकळ्या रानात जमिनीवर किडे वेचताना दिसतात, तेव्हा त्यांचं कोणाशीच भांडण नसतं.

आणि संध्याकाळी त्यांचा खेळ नक्की बघा. सूर्य कलला की बाजूच्या रानांतून छोटे थवे येत येत एक होतात, मग आख्खा थवा आकाशात वळतो, आवळतो, पसरतो, आणि अंधार पडायच्या जरा आधी एकदम बाभळीत उतरतो आणि मग इतका कलकलाट की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. हे बघायला कुठल्या अभयारण्यात जायला लागत नाही, शहराबाहेर बाभळीचं दाट बन आणि जवळ पाणी असलं की बऱ्याचदा मिळतं. रानाच्या मालकाला विचारा, त्याला जागा माहीत असते.

७. हिप्परग्याला सगळी बदकं सारखीच दिसतात, ओळखायची कशी?

नरांपासून सुरुवात करा, माद्या सगळ्या तपकिरी ठिपक्यांच्या असतात आणि त्यात अडकलात तर कंटाळा येऊन सोडून द्याल. थापट्याची चोच बघा, पुढे चमच्यासारखी पसरट, त्याची मादीसुद्धा चोचीवरून कळते. तलवार बदकाची शेपूट लांब टोकदार आणि मानेवर पांढरी रेघ. भुवई बदकाच्या नराला डोळ्यावरून मागे जाणारी पांढरी जाड भुवई. चक्रांग सगळ्यात छोटं, तांबूस डोकं आणि डोळ्याभोवती हिरवा पट्टा. चक्रवाक नारंगी, लांबूनही चुकत नाही.

आता जे कुठेच जात नाहीत ते वेगळे काढा. हळदी-कुंकू बदकाच्या काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी लाल ठिपका, ते बारमाही आपलंच. वारकरी, काळं अंग आणि कपाळ पांढरं, हे बदक नाहीच, आणि यात थोडे इथलेच, थोडे हिवाळ्याचे पाहुणे, नुसतं बघून वेगळे करता येत नाहीत त्यामुळे एप्रिलमध्ये वारकरी कमी झाले तर काही निघून गेले एवढंच समजायचं.

एक सवय लावून घ्या, पाणी सोडून काठाच्या चिखलाकडेही बघायची. मार्चपासून पाणी मागे सरकतं आणि ओला चिखल उघडा पडतो, तिथे तुतवार, छोटे टिलवे, पाणटिवळे, शेकाट्या असा मेळा जमतो. पाणी कमी झालं म्हणजे पक्ष्यांचं वाईट झालं असं फोनवर हळहळत सांगणारे बरेच असतात, पण चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांसाठी तो ओला काठ म्हणजे प्रवासाआधीचं पोटभर जेवण आहे. त्याच चिखलात माणसं गाड्या घालतात आणि कुत्री पळवतात ते मात्र खरंच वाईट.

८. पुस्तकात कुरवाचं (सीगलचं) डोकं पांढरं दाखवलंय, मी उजनीला काळ्या डोक्याचा बघितला. वेगळी जात का?

जात बहुधा तीच, कपडे वेगळे. हिवाळ्यात कुरवांचं डोकं पांढरं आणि डोळ्यामागे एक गडद डाग असतो, परत जायच्या आधी विणीच्या हंगामाची पिसं येतात आणि डोकं गडद तपकिरी होतं, लांबून ते काळंच वाटतं. आपल्याकडे काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा असे दोन कुरव येतात, दोघांचं असंच. पाणटिवळा डिसेंबरमध्ये मातकट असतो, एप्रिलमध्ये मान-छाती विटकरी होते. पिवळा धोबी तर बघत राहावा असा होतो, अंग हळदीसारखं आणि डोकं कुणाचं करडं, कुणाचं काळं, कारण वेगवेगळ्या प्रदेशांत वीण करणाऱ्या त्याच्या उपजाती इथे एकत्र राहतात आणि त्या ओळखू यायला लागतात त्या याच दिवसांत.

मधल्या अवस्थेतले अर्धे-मुर्धे रंगलेले पक्षी पण दिसतात, ते कुठल्याच चित्राशी जुळत नाहीत, त्यांच्यासाठी रंग सोडून चोच, पाय आणि चाल बघा.

९. नान्नजला गेलो तर माळढोक दिसेल का?

बहुधा नाही, आणि त्या एकाच आशेने जाऊ नका. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं, आधी क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, नंतर कमी करून १,२२२ झालं. आज देशात माळढोक दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. शिवाय तो या पाहुण्यांतला पक्षीच नाही, तो परदेशी जाणारा स्थलांतरित नाही, पाऊस-चाऱ्याप्रमाणे माळामाळांतून फिरतो आणि त्याची वीण पावसाळ्यात. कोणी दाखवतो म्हणून पैसे मागत असेल किंवा गाडी माळात घालायला सांगत असेल तर सरळ नाही म्हणा. वनविभागाची परवानगी घेऊन, ठरलेल्या वाटेनेच जायचं.

पण नान्नजला जा जरूर! काळवीट, धाविक, माळटिटवी, पखुर्ड्या, चंडोल, डोंबाऱ्या, खरूची, आणि हिवाळ्याचे पाहुणे भोवत्ये. लोक माळाला पडीक जमीन म्हणतात, झाडं लावायला निघतात, खड्डे काढतात. कृपा करून करू नका. या पक्ष्यांना झाड नको, गुडघाभर गवत आणि उघडी जमीन पाहिजे. तळ्याच्या पक्ष्यांना दुसरं तळं तरी मिळेल, माळ गेला तर त्याला पर्याय नाही.

१०. गवतावरून अगदी खालून तरंगत जाणारी घार बघितली, ती कुठली?

घार नाही, भोवत्या. लांब पंख इंग्रजी व्ही सारखे थोडे वर धरून गवताला चाटत जातो. नर फिकट राखाडी आणि पंखांची टोकं काळी, मादी तपकिरी आणि शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. आपल्याकडे माँटेग्यूचा भोवत्या आणि पांढुरका भोवत्या हे दोन्ही येतात, त्यांच्या माद्या आणि पिल्लं लांबून वेगळ्या करणं अनुभवी माणसालाही जड जातं, तेव्हा नोंदीत नुसतं भोवत्या लिहिलं तरी ते योग्यच आहे.

यांची गंमत म्हणजे रात्री झाडावर बसत नाहीत, गवतात जमिनीवर झोपतात, आणि बरेच जण एकाच ठिकाणी जमतात. सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास लांब थांबून बघितलं तर एकेक येऊन घिरट्या घालून खाली उतरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये हे छान दिसतं, एप्रिलमध्ये जागा रिकामी होते. जवळ जाऊन उठवू नका, आणि असल्या मुक्कामाच्या जागेचं लोकेशन ग्रुपवर टाकू नका, दुसऱ्या दिवशी दहा गाड्या उभ्या असतात.

११. रोहित (फ्लेमिंगो) कुठे आणि कधी बघायचे?

उजनीच्या बॅकवॉटरला. सगळे भिगवणला जातात, तो पुणे जिल्हा, पण आपल्या करमाळा तालुक्याच्या बाजूनेही तेच पाणी आहे, केत्तूर-पोमलवाडीकडे, आणि तिथे गर्दी कमी. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाळाचे उथळ पट्टे उघडे पडतात आणि रोहितांना तेच हवं असतं, चोच उलटी करून गाळ-पाणी गाळून खातात. त्यामुळे बदकं गेल्यावर, एप्रिल-मेमध्येसुद्धा ते चांगले दिसतात, कधी पाऊस लागेपर्यंत. मग स्थलांतरित कसे असं विचारतात, तर हे सैबेरियाला जात नाहीत, देशातच फिरतात, यांची मोठी वीण कच्छच्या रणात होते.

नाववाल्याला थव्यात नाव घालायला सांगू नका. उडाले की फोटो भारी येतो हे मला माहितीय, पण प्रत्येक नावेने उडवलं तर ते खाणार कधी. कुरवांना शेव-गाठ्या टाकणंही बंद करा.

१२. कोकीळ, चातक, नवरंग हे वसंतातले पाहुणे ना?

कोकीळ इथलाच, बारा महिने असतो, फक्त चैत्र आला की ओरडायला लागतो म्हणून आला असं वाटतं. पावशाचंही तसंच. चातक मात्र खरा पाहुणा, आफ्रिकेकडून पावसाच्या पुढे येतो, मे अखेर-जूनमध्ये लक्ष ठेवा, तो सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो. नवरंग पावसाच्या तोंडावर उत्तरेकडे जाताना मध्येच एखाद्या बागेत उतरतो, कधी थकून, त्याला गर्दी करून त्रास देऊ नका.

१३. मोबाईलवर आवाज लावला की पक्षी जवळ येतो, लावू का?

नको. त्याला वाटतं दुसरा नर आलाय, खायचं सोडून भांडायला येतो, आणि प्रवासाच्या किंवा विणीच्या दिवसांत तो वेळ त्याला परवडत नाही. याच काळात टिटव्या आणि धाविक उघड्या जमिनीवर अंडी घालतात, टिटवी डोक्यावर ओरडत फिरायला लागली तर आल्या पावली मागे फिरा. घरट्याचा जवळून फोटो तर नाहीच.

१४. आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन ॲपने असा पक्षी सांगितला जो सोलापुरात असतच नाही, खरं धरू का?

इशारा म्हणून धरा, नोंद म्हणून नको. ॲपमध्ये तुमचं ठिकाण आणि तारीख बरोबर आहे का बघा आणि पक्षी डोळ्यांनी शोधा. कोतवाल शिक्र्याचा आवाज हुबेहूब काढतो, तो ॲपला फसवतो आणि माणसालाही.

१५. नोंद ठेवायची तर काय लिहू? मी काही तज्ज्ञ नाही.

तारीख, जागा, वेळ, किती मिनिटं बघितलं, कोण किती. वहीत लिहा नाहीतर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाका, फुकट आहे. पण माझी एक कळकळीची विनंती आहे. पहिला पट्टकादंब कधी आला हे सगळे लिहितात, फोटो टाकतात. शेवटचा कधी दिसला हे जवळजवळ कोणी लिहीत नाही, कारण दिसतो तेव्हा तो शेवटचा आहे हे कळत नाही. त्यासाठी एकच उपाय, त्याच तळ्यावर दर आठवड्याला जात राहायचं आणि काही दिसलं नाही तरी "आज थापट्या नाही" असं लिहायचं. उन्हाळा लवकर तापायला लागला तर पक्षी लवकर निघतात का, हे सांगायचं तर अशा शेवटच्या तारखाच लागतात, आणि त्या सोलापुरात राहणाऱ्या माणसांशिवाय दुसरं कोणी गोळा करू शकत नाही. यासाठी तज्ज्ञ नको, नियमित माणूस पाहिजे.

१६. मे महिन्यात तळ्यावर एकच बदक राहिलंय. मागे सुटलं का? पकडून आणू?

पकडू नका. आधी बघा, उडतं का, खातं का, पंख एका बाजूला लोंबतोय का. काही पक्षी वयाने लहान असतात, विशेषतः काठावरचे तुतवार-टिलवे, ते पहिल्या वर्षी परत जातच नाहीत, उन्हाळा इथेच काढतात. एखाद्या बदकाची चरबी पुरेशी साठली नसेल तर उशिरा निघतं. ठणठणीत असेल तर तारीख लिहा (१५ प्रमाणे) आणि राहू द्या.

खरंच जखमी असेल, मांजा अडकलाय, तारेला धडकलाय, तर वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. मदत येईपर्यंत भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, सावलीत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जाऊन पक्षी मरतो. घरी पाळायचा तर विचारच नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे.

१७. गच्चीवर पाणी ठेवलं तर स्थलांतरित पक्षी येतील?

बदकं अर्थातच नाही, पण बुलबुल, मैना, होले, चिमण्या नक्की, आणि बाग असेल तर एखादा थिरथिऱ्या मार्चपर्यंत. मातीचं पसरट भांडं, दोन बोटं पाणी, सावलीत, मांजर पोचणार नाही असं, रोज घासून. चाळिशीच्या वर पारा गेला की दुपारी एकदा परत भरा.

१८. एका हंसाच्या मानेत रंगीत पट्टा दिसला, कोणाचा पाळीव आहे का?

पाळीव नाही, अभ्यासासाठी लावलेला पट्टा. पट्टकादंबांना असे पट्टे लावतात, काहींच्या पाठीवर छोटं उपग्रह यंत्रही असतं, अशा यंत्रांमुळेच ते हिमालय ओलांडताना ७,००० मीटरच्या वर जातात हे कळलं. पट्ट्याचा रंग, अक्षराचा रंग आणि कोड लिहून घ्या, पायात कडी असेल तर कोणत्या पायात तेही, आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा. कोड अर्धाच वाचता आला तरी कळवा, अंदाजाने पूर्ण करू नका. फोटो पाठवताना कॅमेऱ्यातला मूळ फोटो मेल करा, व्हॉट्सॲपवरून चार ग्रुप फिरून आलेल्या फोटोत अक्षरं विरघळलेली असतात.